एल्व्हिस चोर होता का? आधी गाण्याचा सातबारा बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे: एल्व्हिस प्रेस्ली, मॅडोना, एमिनेम, मायली सायरस या गोऱ्या अमेरिकन गायकांनी कृष्णवर्णीयांची गाणी, नाच, बोलण्याची ढब उचलून करिअर केलं असं म्हणतात, पण संगीत काय कुणाच्या बापाची इस्टेट आहे का? आणि शेवटी प्रश्नकर्त्याने विचारलंय, "मी नाशकात बसून मराठीत रॅप करतो. मग मीही चोरच का?"

माझं रोजचं काम गाण्यांच्या हक्कांचं. कुठल्या गाण्यावर कोणाची नावं आहेत, कोणाचा किती टक्के वाटा, कव्हरचा (दुसऱ्याचं गाणं नव्याने गाण्याचा) परवाना कोणाकडून घ्यायचा, सॅम्पल (जुन्या रेकॉर्डमधून कापून घेतलेला तुकडा) वापरलंय तर परवानगी आली का, तिमाहीचं रॉयल्टी स्टेटमेंट जुळतंय का, यातच दिवस जातो. त्यामुळे गाणं ऐकण्याआधी माझी नजर नावांच्या ओळीवर जाते. या वादात ती सवय फार उपयोगी पडते.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेतो. "घेतलं की नाही" यावर भांडण्यात हशील नाही, कारण घेतलंच आहे आणि सगळ्यांनीच घेतलंय. कृष्णवर्णीय चक बेरीचं 'मेबलीन' हे रॉक अँड रोलच्या पायातलं गाणं. ते त्याला सुचलं 'आयडा रेड' या, कंट्रीवाल्यांमध्ये म्हणजे गोऱ्यांच्या ग्रामीण संगीतात चालत आलेल्या, फिडलच्या गाण्यावरून. उलट बँजो हे तंतुवाद्य अमेरिकेत आलं ते आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर, आणि आज ते ब्लूग्रास या गोऱ्यांच्या लोकसंगीताची ओळख होऊन बसलंय. ही ये-जा बंद करा असं गंभीरपणे कोणी म्हणत नाही. विचारायचं ते हे की गाणं एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेलं तेव्हा त्याच्याबरोबर नाव कोणाचं गेलं, पैसा कुठे वळला, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला त्याच दारातून आत येऊ दिलं का.

याला एकच एक उत्तर नाही. साल कोणतं, घेतलं ते लिहिलेलं गाणं होतं, त्याची मांडणी (अरेंजमेंट) होती की नुसती ढब, मूळ कलाकार स्वतः गीतकार होता की फक्त गायक, आणि घेणाऱ्याने पुढे काय केलं, त्यावर ते बदलतं. १९५५ चा न्याय २०१३ ला जसाच्या तसा लावला की दोन्हीकडे गफलत होते.

१९५० चं दशक समजायचं तर तिथला कायदा थोडा समजून घ्यावा लागेल. प्रत्येक गाण्याच्या दोन मालक्या असतात. एक शब्द-चालीची, म्हणजे गीतकार-संगीतकाराची आणि त्यांच्या पब्लिशरची, म्हणजे त्यांच्या वतीने हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची. दुसरी त्या ठरावीक रेकॉर्डिंगची. त्याला आम्ही मास्टर म्हणतो. १९०९ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे गाणं एकदा मालकाच्या संमतीने रेकॉर्ड झालं की पुढे ते कोणीही रेकॉर्ड करू शकत असे. त्याची परवानगी अडवता येत नव्हती. प्रतीमागे २ सेंट शब्द-चालीच्या मालकाला दिले की झालं. हा दर थेट १९७८ पर्यंत तसाच राहिला. आणि मास्टरला तर १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधी केंद्रीय कॉपीराइटच नव्हता. आजसुद्धा अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला पैसे मिळतात, गायकाला काही नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव फक्त शब्द-चालवाल्याचं. ज्यांनी ती जमीन कसली, तो गळा, तो ड्रमर, तो वाद्यांची मांडणी करणारा अरेंजर, त्यांची कागदावर नोंदच नाही.

त्यात बाजारही वेगळा. १९४९ पर्यंत 'बिलबोर्ड'मध्ये कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीचं नावच 'रेस रेकॉर्ड्स' होतं. मग ते 'रिदम अँड ब्लूज' झालं. 'पॉप' म्हणजे गोऱ्यांचा बाजार, मोठी दुकानं, मोठी रेडिओ स्टेशनं. एखादं गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत चढू लागलं की मोठी कंपनी तेच गाणं गोऱ्या गायकाकडून गाऊन घ्यायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पॉपच्या दुकानात लावायची.

१९४८ साली पॉला वॉटसन या कृष्णवर्णीय गायिकेने सुप्रीम नावाच्या छोट्या कंपनीसाठी 'अ लिटल बर्ड टोल्ड मी' गायलं. डेक्का या बड्या कंपनीने एव्हलिन नाइट या गोऱ्या गायिकेकडून तेच गाणं जवळजवळ त्याच मांडणीत करून घेतलं आणि ते पॉपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. सुप्रीमने दावा ठोकला. १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या केंद्रीय न्यायालयाने सांगितलं की मांडणी ही अशा प्रकारे कोणाची मालमत्ता होत नाही. झालं, कंपन्यांना मोकळं रान मिळालं.

याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो लाव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेला. तिचं 'ट्विडल डी' १९५४ च्या अखेरीस अटलांटिक कंपनीने काढलं. लगोलग मर्क्युरी कंपनीने जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेकडून ते करून घेतलं. मांडणी तीच, गाण्यातल्या हरकतीसुद्धा त्याच. गिब्जचं गाणं पॉपमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, बेकरचं चौदाव्यावर अडकलं. बेकरने मिशिगनचे काँग्रेसमन चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहिलं की कायदा बदला, गाण्याच्या मांडणीलाही संरक्षण द्या. कायदा काही बदलला नाही. पुढे ऑस्ट्रेलियाला विमानाने जाताना तिने स्वतःचा विमा उतरवला आणि वारस म्हणून जॉर्जिया गिब्जचं नाव घातलं असं सांगतात. मला काही झालं तर तुझं दुकान कसं चालणार, असा त्यातला टोमणा.

पण आता नावांच्या ओळीकडे बघा. 'ट्विडल डी' लिहिलं होतं विनफिल्ड स्कॉटने, आणि तोही कृष्णवर्णीयच. गिब्जची रेकॉर्ड जितकी खपली तितके स्कॉट आणि त्याच्या पब्लिशरचे २-२ सेंट वाढत गेले. एकाच व्यवहारात एक कृष्णवर्णीय कलाकार नागवली गेली आणि दुसऱ्याच्या पदरात पैसे पडले. "गोऱ्यांनी लुटलं" एवढंच म्हटलं की हे दिसत नाही.

(आपल्याकडे कव्हरच्या बाबतीत कायदा आता बराच कडक आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटल्याशिवाय परवान्यावर कव्हर काढता येत नाही आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते. स्वस्त कॅसेटच्या जमान्यात मूळ गाण्यांच्या 'व्हर्जन' रेकॉर्डिंगचा जो सुळसुळाट झाला होता, त्यातून आलेलं शहाणपण आहे हे.)

पॅट बून या गोऱ्या गायकाचं उदाहरण याच चष्म्यातून बघू. १९५५ मध्ये त्याने कृष्णवर्णीय फॅट्स डॉमिनोचं 'ऐन्ट दॅट अ शेम' गायलं आणि ते पॉपमध्ये पहिलं आलं. डॉमिनोचं मूळ गाणं खालीच राहिलं. पण त्या गाण्यावर डॉमिनो आणि डेव्ह बार्थोलोम्यू यांची गीतकार म्हणून नावं होती, त्यामुळे बूनच्या यशाचे पैसे त्यांच्या गावी, न्यू ऑर्लिन्सलाही पोचले. लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचं तसं नव्हतं. त्याच्या 'टुटी फ्रुटी'चे हक्क कंपनीने किरकोळ रकमेत आपल्याकडे घेतले होते. बूनची गुळगुळीत आवृत्ती पॉपच्या यादीत मूळ गाण्याच्या वर गेली तेव्हा रिचर्डच्या हातात फारसं काही आलं नाही. पुढच्याच गाण्याला, 'लाँग टॉल सॅली'ला, मात्र रिचर्डने बूनला मागे टाकलं. तोवर गोऱ्या पोरांनाच मूळ आवाजाची चटक लागली होती.

आता एल्व्हिस. त्याच्याबद्दल एका वाक्यात निकाल देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण त्याच्या तीन गाण्यांची तीन उत्तरं निघतात.

जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याने 'दॅट्स ऑल राइट' गायलं. ते आर्थर 'बिग बॉय' क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं, १९४६ मध्ये त्यानेच रेकॉर्ड केलेलं. गीतकार म्हणून क्रुडपचं नाव होतं, म्हणजे कागद बरोबर होता. पण त्याची रॉयल्टी जायची मॅनेजरच्या हातून, आणि मॅनेजरच्या हातातून पुढे सरकायचीच नाही. क्रुडपने शेतमजुरी केली, न्यायासाठी धडपडला आणि १९७४ मध्ये वारला तोपर्यंत त्याला त्याचं देणं मिळालं नव्हतं. इथे एल्व्हिसने काही चोरलं असं मी म्हणणार नाही. १९५६ मध्ये त्याने वार्ताहरांना स्वतःहून सांगितलं होतं की कृष्णवर्णीय लोक हे माझ्या कितीतरी आधीपासून असंच गातायत, आणि क्रुडपचं नावही घेतलं होतं. चोर असलाच तर तो हिशेबाच्या वहीत बसलेला होता.

दुसरं 'हाउंड डॉग'. १९५३ मध्ये बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजात आलं आणि सात आठवडे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं राहिलं. १९५६ मध्ये एल्व्हिसने ते गायलं आणि जगभर झालं. हे उदाहरण हमखास दिलं जातं. पण गाणं लिहिलं होतं जेरी लायबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी, विशीच्या आत असताना. सातबारा आधीपासूनच गोऱ्यांच्या नावावर होता. त्यात कृष्णवर्णीय होतं ते थॉर्नटनचं गुरगुरणं, एका बिनकामाच्या पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचा तोरा, आणि त्याला कायद्यात काडीची किंमत नव्हती. तिच्या सांगण्यानुसार तिला या गाण्याचे मिळाले ५०० डॉलर. एल्व्हिसच्या गाण्यात तर तो पुरुष जाऊन खरंच कुत्रा उरला.

तिसरं 'डोन्ट बी क्रुएल', आणि इथे मी एल्व्हिसच्या बाजूने अजिबात बोलणार नाही. गाणं ब्रुकलिनच्या ओटिस ब्लॅकवेलचं. तो कृष्णवर्णीय गीतकार. पण रेकॉर्डवर नावं ब्लॅकवेल आणि प्रेस्ली, दोघांची. एल्व्हिसच्या पब्लिशिंगवाल्यांचा खाक्याच तो होता: एल्व्हिसने गायला हवंय तर वाटा सोडा. 'ऑल शुक अप'वरही हेच झालं. ब्लॅकवेलच्या म्हणण्यानुसार तो आणि एल्व्हिस आयुष्यात कधी भेटले नाहीत. ब्लॅकवेलने हिशेब केला असणार की मोठ्या गाण्याचा अर्धा वाटा पडलेल्या गाण्याच्या पूर्ण वाट्यापेक्षा बरा, आणि व्यवहार म्हणून तो चुकला असंही नाही. पण एक ओळ न लिहिता गीतकार होणं याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. आमच्या धंद्यात हे आजही चालतं, फार तर मागणी जरा गोड शब्दांत येते.

आणि वाटा मारण्यासाठी गायक गोराच असावा लागतो असंही नाही. 'मेबलीन' गाजलं तेव्हा चक बेरीला कळलं की गाण्यावर त्याच्याबरोबर आणखी दोघं गीतकार म्हणून लागलेत: डिस्क जॉकी ॲलन फ्रीड आणि रस फ्राटो नावाचा एक ओळखीतला माणूस. फ्रीडने गाणं रेडिओवर वाजवावं म्हणून कंपनीने परस्पर वाटा देऊन टाकला होता. ती नावं काढून गाणं एकट्या बेरीच्या नावावर यायला १९८६ उजाडलं.

इथवर कागदाने काम भागलं. पुढे मात्र घेतलेली गोष्ट कागदावर मावतच नाही.

क्लाइड स्टबलफिल्ड हा जेम्स ब्राऊन या कृष्णवर्णीय गायकाच्या बँडमधला ड्रमर. १९६९ मध्ये रेकॉर्ड झालेल्या 'फंकी ड्रमर'मध्ये मध्येच बाकी सगळे थांबतात आणि तो काही सेकंद एकटा वाजवतो. उजवा हात हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) न थांबता चालू, डावा स्नेअर ड्रमवर मुख्य ठोक्यांच्या मध्ये इतके हलके ठोके टाकत जातो की ते ऐकू येण्याआधी जाणवतात. ते काही सेकंद हिप-हॉपवाल्यांपासून जॉर्ज मायकेल, शिनेड ओ'कॉनरपर्यंत असंख्य लोकांनी कापून वापरले. स्टबलफिल्डला त्याबद्दल रॉयल्टी मिळाली नाही, कारण गाण्यावर नाव जेम्स ब्राऊनचं आणि मास्टर कंपनीचा. तो २०१७ मध्ये गेला. वापरणाऱ्यांत कृष्णवर्णीयही होते आणि गोरेही, आणि गाणं ज्याच्या नावावर होतं तोही कृष्णवर्णीयच होता. हक्कांच्या कामात वंशाच्या प्रश्नाखाली नेहमी हा दुसरा थर सापडतो: कोण मालक आणि कोण रोजंदारीवर.

मॅडोनाचं 'व्होग' १९९० चं. व्होगिंग हा नाच न्यूयॉर्कच्या बॉलरूममध्ये घडला. हार्लेममधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स लोकांच्या स्पर्धा असायच्या त्या. 'हाउस' म्हणजे त्यांची मानलेली घराणी. मॅडोनाने हाउस ऑफ एक्स्ट्रावॅगान्झाच्या होजे आणि लुईस या दोघांना व्हिडिओत आणि जागतिक दौऱ्यावर घेतलं. त्यांच्याच हातून नाच बसवला, त्यांना नाव दिलं, पैसे दिले. हे तिच्या खात्यात जमा. पण गाण्याच्या मध्यावर ती नावांची यादी म्हणते ती ऐका. ग्रेटा गार्बो, मर्लिन मन्रो, मार्लन ब्रँडो, ग्रेस केली… सगळे जुने तारे-तारका, एकही कृष्णवर्णीय नाही, बॉलरूममधलं कोणी नाही. बॉलरूमवाले स्वतःही हॉलिवुडच्या त्या झगमगाटाची नक्कल करत असत हे खरं, त्यामुळे यादी अगदी उपरी नाही. तरी आपल्या आधी हा नाच नाचलेल्या एकाचं तरी नाव बसवायला तिला एक ओळ पुरली असती.

ढब उचलणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारतो: हा अंगरखा तुम्हाला उतरवता येतो का, आणि उतरवल्यावर काय बोलता? मायली सायरस डिस्नेच्या मालिकेतली बालतारका. २०१३ मध्ये तिला मोठं व्हायचं होतं, म्हणून माइक विल हा हिप-हॉपचा निर्माता आला, सोन्याचे दात आले, न्यू ऑर्लिन्सच्या बाउन्स संगीतात नव्वदीपासून चालत आलेलं ट्वर्किंग हे नितंब हलवत नाचणं आलं, आणि एमटीव्हीच्या सोहळ्यात कृष्णवर्णीय नर्तकी तिच्याभोवती सजावटीच्या वस्तूंसारख्या उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये ती साध्या, कंट्रीच्या वळणाच्या गाण्यांकडे परतली आणि मुलाखतीत म्हणाली की गाड्या-घड्याळांच्या त्या गाण्यांमुळे आपण हिप-हॉपपासून दूर झालो. ज्या शिडीने वर गेली त्याच शिडीला घाणेरडी म्हणाली. २०१९ मध्ये तिने माफी मागितली, तीही नोंदवायला हवी.

त्याच २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय पोराचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं; कंट्रीचे पुरेसे गुण त्यात नाहीत म्हणे. मग त्याच्या नव्या आवृत्तीत गायला आला कंट्रीगायक बिली रे सायरस, मायलीचा बाप. गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. मुलीला हिप-हॉपमध्ये शिरताना कोणी दारात अडवलं नव्हतं आणि परत जाताना कंट्रीचं दार उघडंच होतं. त्या पोराला बापाचा हात धरावा लागला. मूळ प्रश्नात "संगीत कोणाच्या बापाची इस्टेट आहे का" असं विचारलंय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता ज्यांनी नीट केलं त्यांच्याबद्दल. जॉनी ओटिस हा संगीतकार गोरा, ग्रीक आईबापांचा मुलगा, पण तो कृष्णवर्णीयांच्या वस्तीतच वाढला, राहिला, तिथेच लग्न केलं. 'हाउंड डॉग'च्या मूळ रेकॉर्डिंगमागेही तो होताच. टीना मेरी या गोऱ्या गायिकेचा पहिला अल्बम मोटाउन या कृष्णवर्णीय संगीताच्या कंपनीने १९७९ मध्ये काढला तेव्हा कव्हरवर तिचा फोटोच छापला नाही, कारण कृष्णवर्णीय श्रोत्यांनी आधी आवाज ऐकावा अशी कंपनीची इच्छा होती. ती शेवटपर्यंत त्याच श्रोत्यांची राहिली, सोयीप्रमाणे इकडेतिकडे गेली नाही. एमिनेम डॉ. ड्रे या कृष्णवर्णीय रॅपर-निर्मात्याच्या कंपनीतून आला, आणि आपण गोरे असल्याचा फायदा झालाय, एल्व्हिसचाच कित्ता गिरवतोय, हे त्याने २००२ च्या गाण्यातच उघड म्हटलं. कबुलीने हिशेब मिटत नाही, पण लपवाछपवी तरी नाही.

एमी वाइनहाउस या गोऱ्या ब्रिटिश गायिकेचं उदाहरण मला जास्त बोचतं. २००६ च्या 'बॅक टू ब्लॅक'मधला तो कृष्णवर्णीयांच्या जुन्या सोल संगीताचा आवाज बऱ्याच अंशी डॅप-किंग्ज या बँडचा आहे. हा बँड मुळात शेरॉन जोन्स या कृष्णवर्णीय गायिकेचा. शेरॉन पूर्वी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी होती आणि तिचा पहिला अल्बम पंचेचाळिशी उलटल्यावर आला. एमीने कोणाचं काही चोरलं नाही. बँडला पैसे मिळाले, नाव मिळालं, शेरॉनकडेही लोकांचं लक्ष गेलं. तरी तोच आवाज विशीतल्या गोऱ्या मुलीने गायला तेव्हा जगभर विकला गेला, आणि तो रोज गाणारी बाई छोट्या क्लबमध्ये राहिली. दोष द्यायला इथे माणूस सापडत नाही, पण बाजाराचा कल स्वच्छ दिसतो.

मॅकलमोर या गोऱ्या रॅपरवर फार वेळ घालवत नाही. २०१४ मध्ये रॅपचं ग्रॅमी कृष्णवर्णीय रॅपर केंड्रिक लमारला डावलून त्याला मिळालं, तेव्हा त्याने केंड्रिकला "खरं तुझंच होतं" अशा अर्थाचा मेसेज पाठवला आणि त्याचा स्क्रीनशॉट इन्स्टाग्रामवर टाकला. मेसेज पुरेसा होता.

मग कायदा कडक करून ढबीलाही मालक द्यावा का? तसा प्रयोग झालाय. रॉबिन थिक आणि फॅरेल यांच्या 'ब्लर्ड लाइन्स'वर मार्विन गे या दिवंगत कृष्णवर्णीय गायकाच्या वारसांनी त्याच्या गाण्याची नक्कल म्हणून दावा केला आणि २०१५ मध्ये ज्यूरीने सुमारे ७४ लाख डॉलर द्यायला लावले. पुढे ती रक्कम ५३ लाखांवर आली आणि २०१८ मध्ये अपिलातही निकाल टिकला. गंमत अशी की ज्यूरीला मार्विन गेची मूळ रेकॉर्ड तुलनेसाठी ऐकवलीच नाही. जुन्या कायद्यामुळे फक्त कॉपीराइट कार्यालयात जमा केलेल्या नोटेशनवर खटला चालला. थिकने तर शपथेवर सांगितलं की गाण्यात माझं फारसं काही नव्हतं, मला फक्त श्रेय हवं होतं.

त्यानंतर आमच्याकडे एकदम घबराट. 'अपटाउन फंक' या गाजलेल्या गाण्यावर गॅप बँड या जुन्या कृष्णवर्णीय बँडच्या लोकांची नावं नंतर चढवली गेली. प्रकाशनाआधी संगीततज्ज्ञाकडून 'हे कशासारखं वाटतं' असा अहवाल मागवणं मोठ्या कंपन्यांत नित्याचं झालं. गॅप बँडला पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे. पण ठेका आणि माहोल मालकीचा झाला तर त्याचे मालक मार्विन गे किंवा स्टबलफिल्ड होणार नाहीत. जुने कॅटलॉग विकत घेऊन बसलेल्या कंपन्या होतील, आणि पहिल्या नोटिसा जातील त्या अटलांटात हिप-हॉप करणाऱ्या नवख्या पोरांना. म्हणून मी त्या बाजूचा नाही. वादकाला, अरेंजरला सुरुवातीच्या करारातच वाटा द्या, आणि रेडिओवर गायकालाही पैसे मिळू द्या. मला या दोन दुरुस्त्या जास्त कामाच्या वाटतात.

आपला या गोष्टीशी एक थेट धागा आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. त्यांच्याजवळ राहून, त्यांचं ऐकून गोव्याच्या वादकांनी जाझ उचललं. फ्रँक फर्नांड, आणि 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणवला गेलेला चिक चॉकलेट. चिक पुढे सी. रामचंद्रांबरोबर होता, १९५१ च्या 'अलबेला'तली ब्रासची सगळी मस्ती आठवून बघा. मुंबईची सिनेगाणी ज्यांनी नोटेशनवर उतरवली, ब्रास आणि व्हायोलिनच्या ताफ्याला वाटून दिली, त्या गोवेकर अरेंजरांपैकी बहुतेकांची नावं प्रेक्षकाला कधी कळलीच नाहीत. ज्यांच्याकडून ते शिकले त्यांचं अमेरिकेत जे झालं, तेच थोड्याफार फरकाने त्यांचंही झालं. शिकणं निर्मळ होतं, नावांची ओळ मात्र अपुरी राहिली.

आता तुमच्या नाशिकच्या रॅपबद्दल. नाही, रॅप केल्याने तुम्ही चोर होत नाही. हिप-हॉप ब्रॉन्क्समधून निघालं ते जिथे जाईल तिथल्या भाषेत बोलायलाच. तुमचं बोलणं तुमच्या गल्लीचं असू द्या. अमेरिकन कृष्णवर्णीयांचा उच्चार ओढूनताणून आणू नका, त्यांना हिणवणारा तो 'एन'पासूनचा शब्द तर मुळीच वापरू नका, आणि न पाहिलेल्या बंदुकांवर कडवी लिहू नका. याला कायदा लागत नाही, पण ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

तुमची खरी जबाबदारी बीटची, म्हणजे रॅपमागे वाजणाऱ्या तयार संगीताची आहे. नेटवरून घेतलेली बीट बहुधा कुठल्यातरी अनोळखी निर्मात्याची असते. स्वस्त मिळते ती 'लीज' म्हणजे भाड्याने असते, मालकी मिळत नाही. तिच्यात स्ट्रीमची मर्यादा असते, 'प्रोड्यूस्ड बाय' लिहायची अट असते, आणि बऱ्याचदा शब्द-चालीतला निम्मा वाटा निर्मात्याने स्वतःकडे ठेवलेला असतो. लोक ते पान न वाचता टिक करतात. बीटमध्ये सॅम्पल आहे का तेही विचारा. असेल तर त्याची परवानगी निर्मात्याने घेतलेली नसते आणि नोटीस तुमच्या नावावर येते. अपलोड करताना संगीतकाराच्या रकान्यात स्वतःचं एकट्याचं नाव टाकू नका. आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) गाणं नोंदवाल तेव्हा बीटवाल्याच्या वाट्यासाठी त्याचा आयपीआय, म्हणजे गीतकार-संगीतकारांचा ओळख क्रमांक लागेल. तो बीट विकत घेतानाच मागून ठेवा, कारण पैसे पोचल्यानंतर ही मंडळी मेलला उत्तर देत नाहीत.